सिद्धम्माच्या घरचा फायटर

मुरुम गावच्या बाजारपट्टीत सिद्धम्माची गिरणी आहे. पाटीवर नाव तिच्या सासऱ्यांचं, पण ते कुणी घेत नाही. दळण घेऊन निघालेल्या बाईला विचारलं की ती सांगते, सिद्धम्माकडं चाललेय. आता गिरणी चालवतो तिचा मुलगा शिवकुमार, तरीही.

नवरा गेला तेव्हा शिवकुमार शाळेत जायच्याही वयाचा नव्हता. भावकीनं सांगितलं, गिरणी भाड्यानं दे, पट्ट्याजवळ उभं राहणं बाईमाणसाचं काम न्हाय, पदर गेला पट्ट्यात तर काय करशील. सिद्धम्मानं पदर कमरेला घट्ट खोचला आणि बटण दाबलं. गिरणीचे दगड झिजले की त्यांना टाकी लावायला, म्हणजे नव्यानं खाचा पाडायला, उमरग्याहून एक म्हातारा यायचा. त्याच्याशेजारी बसून तिनं छिन्नी धरायची कशी ते शिकून घेतलं. पुढं त्या म्हाताऱ्याला बोलवायची गरज उरली नाही. तिच्या दगडांवरच्या पिठाची भाकरी चिरत नाही असं गावात म्हणत, आणि ते खरंही होतं.

कान कधी गेले हे तिलाही नेमकं सांगता येत नसे. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखतात, त्यामुळं तिचं बहिरेपण बरीच वर्षं लपून राहिलं. घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ती उठेना, तेव्हा सून महानंदाच्या ध्यानात आलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की माणसांचं बोलणं वाढायचं तशी घरघरही वाढायची, म्हणून ते यंत्र कपाटात गेलं. उरली ती कानातली कायमची किरकिर. रातकिडे बसावेत तशी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गिरणीजवळ बसणं बंद करा, निदान आहे तेवढं तरी राहील.

सिद्धम्मानं बटण मुलाच्या हाती दिलं, पण खुर्ची फार लांब नेली नाही. गिरणीला लागून घराची पुढची खोली होती. मधलं दार उघडं टाकून ती तिथं बसू लागली. गिऱ्हाईक आलं की शिवकुमारच्या खांद्यावरून आधी तिच्याकडं बघे. ती हातानं सांगे, बारीक काढ, मधलं काढ, आधी हिचं घे. शिवकुमारच्या मिशीत पांढरे केस आले होते. त्याला दगड काढून पोलादी यंत्र बसवायचं होतं. ती म्हणायची, म्या बसलेय तोवर न्हाय.

मासा घरात आला तो येळवशीला. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, या भागात दिवाळीच्या तोडीचा सण. सगळं गाव रानात जाऊन भज्जी-आंबील खातं. शिवकुमारची मुलगी सृष्टी सोलापूरला नर्सिंग शिकते, ती सणाला आली ती मांडीवर काचेची बरणी घेऊन. बरणीत बोटाएवढा लाल मासा होता, त्याचे पंख लुगड्याच्या सोग्यासारखे मागं पसरलेले. हॉस्टेलच्या बाईंनी ठेवू दिला नव्हता, म्हणून तो घरी आणला होता. सृष्टीनं आजीच्या तोंडासमोर येऊन सांगितलं की याला बेटा म्हणतात.

"कुणाचा बेटा?" सिद्धम्मानं विचारलं.

सृष्टी हसली. दुकानदार फायटर म्हणतात, असं तिनं सांगितलं, कारण दोन नर एका पाण्यात ठेवले की एकमेकांना फाडतात. खाण्याची एक पुडी ठेवली, सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे टाक म्हणाली, आणि सण झाल्यावर सोलापूरला निघून गेली.

पुडी उघडल्याबरोबर सिद्धम्माच्या नाकाला मासळीचा वास आला. घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, आणि घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. तिनं पुडी बंद करून बाहेर खिडकीच्या गजात अडकवली. पण जीव उपाशी कसा ठेवायचा? गिरणीत पिठाला तोटा नव्हता. देवळाच्या बारवेत माशांना पीठ टाकलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं, तसं तिनं ज्वारीचं पीठ चिमटीनं बरणीत सोडलं. माशानं तोंड लावून सोडून दिलं. तिनं पुन्हा टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं आणि मासा वर येऊन तोंड उघडू लागला. तिनं ते सगळं पाणी ओतून बरणी थेट नळाच्या पाण्यानं भरली. त्या दिवशी नगरपरिषदेच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता आणि थंडीही कडाक्याची होती. सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला होता.

शेजारची म्हाळसाबाई दळण ठेवायला आली होती. तिनं बरणीत बघितलं, मग सिद्धम्माकडं तोंड करून सावकाश म्हणाली, "आमच्यात मारून खात्यात. तुमच्यात पाळून मारत्यात."

म्हाळसाबाईनं ते चेष्टेनंच म्हटलं असावं. मागच्या अंगणात बेलाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी उकरून सिद्धम्मानं मासा मातीत ठेवला. त्यांच्यात माणसालाही मातीतच ठेवतात. हात धुऊन ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली. पण त्या दिवशी कुणाचं दळण बारीक काढायचं हे तिनं सांगितलं नाही, आणि शिवकुमारनं दोनदा वळून बघितलं.

सृष्टीला व्हिडिओ कॉलवर कळलं तेव्हा ती म्हणाली, पुढच्या खेपेला दुसरा आणते. सिद्धम्मानं नको म्हणून हात हलवला. तिला दुसरा मासा नको होता असं नाही. पहिला कशानं मेला ते तिला समजून घ्यायचं होतं. दोन दिवसांनी ती जीपमध्ये बसून उमरग्याला गेली.

मासे विकणारं दुकान उत्कर्ष नावाचा तरुण चालवत होता. तिनं आधी सांगितलं की ऐकू येत न्हाय, समोर बघून बोल. मग पिठापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं जसं झालं तसं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. उत्कर्षनं एकेक उलगडलं. बरणी लहान, तिच्यात घाण साठायला वेळ लागत नाही. नळाच्या पाण्यातलं औषध माशाचे कल्ले जाळतं. हा मासा उष्ण मुलखातला, थंडीत गारठतो. आणि पीठ कुजलं की पाणी विषारी होतं.

"मग खातो काय ह्यो?"

"किडे, अव्वा. पाण्यावर पडलेले. पुडीतले दाणेबी त्याचेच, वाळवलेल्या किड्याचे न् कोळंबीचे."

"दुसरं काईच न्हाय?"

"दुसरं दिलं तर एखांद्यावेळी खाईल. पर टिकणार न्हाय."

सिद्धम्मा बराच वेळ दुकानातल्या काचांकडं बघत उभी राहिली. उत्कर्षला वाटलं, आता ही परत जाईल. तिनं विचारलं, टाकी केवढी लागंल? त्यानं दोन घागरी पाणी मावेल अशी एक काचेची टाकी काढली आणि मासा कुठला देऊ म्हणून पुढं झाला. ती म्हणाली, मासा आज नको, आधी त्याचं घर होऊ दे. उत्कर्ष थांबला. तेच बरोबर आहे, पण गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणून आपण सांगायचं सोडून दिलंय, असं तो म्हणाला.

परतताना जीपमध्ये तिच्या मांडीवर टाकी होती आणि डोक्यात त्या पुडीचा विचार. इतकी वर्षं तिनं गावातल्या सगळ्या जातींचं धान्य दळलं होतं. ती भाकरी कुणी डाळीबरोबर खाल्ली असेल, कुणी मटणाबरोबर. ते तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं तिला सुचलंही नव्हतं. मुरुम येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. पुडी स्वयंपाकघरात येणार नाही. ती गिरणीतल्या फळीवर राहील, आणि दाणे टाकल्यावर हात धुतल्याशिवाय आपण कशालाही शिवणार नाही. महानंदाला तिनं एवढंच सांगितलं. महानंदा म्हणाली, तुमचं तुम्ही बघा अत्ती, माझ्या भांड्याला लावू नका म्हणजे झालं.

पुढच्या खोलीत गिरणीच्या भिंतीला लागून एक दगडी फळी होती. तिच्यावर थर्माकोलचा तुकडा ठेवून सिद्धम्मानं टाकी बसवली. वाळू धुवायला तिला अर्धा दिवस लागला. हात घातल्यावर पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत ती धूत राहिली. संक्रांतीचं एक बोळकं घेऊन त्याची कड फरशीवर घासली, बोटाला कुठं टोचत नाही हे बघितलं, आणि माशाला लपायला ते आडवं ठेवलं. उत्कर्षनं बजावलं होतं, याचे पंख रेशमासारखे, धारेला लागले की फाटतात. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी ओतलं म्हणजे वाळू उखडत नाही, हे मात्र तिचं तिलाच सुचलं. नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे थेंब टाकले. स्पंजाची गाळणी बसवली, तिचे बुडबुडे अगदी मंद ठेवले, कारण या माशाला वाहतं पाणी सोसत नाही. पाणी कोमट ठेवणारी कांडी लावली. दोन पाणवनस्पती दगडाला दोऱ्यानं बांधून सोडल्या. वरून जाळीचं झाकण, कारण तो उडी मारतो.

आणि मग टाकी तशीच, बिनमाशाची, चालू राहिली.

हे कुणाला समजेना. दळणाच्या बाया डोकावून मासा शोधत आणि न सापडल्यावर तिच्याकडं बघत. शिवकुमार म्हणाला, अव्वा, बिनबैलाचा गोठा झाडती. तिनं ते ओठांवरून ओळखलं आणि ती हसली. उत्कर्षनं सांगितलं होतं की घाण पचवणारे बारीक जीव आधी स्पंजात वाढावे लागतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ते यायच्या आधी मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. त्या जिवांसाठी ती एक दाणा रोज टाके. पाणी मधेच धुरकट झालं, मग आपोआप निवळलं. ती बाटलीत पाणी भरून उमरग्याला तपासायला घेऊन गेली. उत्कर्षनं थेंब टाकून रंग बघितला आणि मान हलवली. अजून नाही. पुढच्या खेपेलाही नाही. विरजण लागायच्या आधी चमचा घालून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं, त्यामुळं तिला राग आला नाही.

शिवरात्र झाल्यावर उत्कर्षनं मान डोलावली. तिनं गर्द निळा नर निवडला, पंखांच्या टोकाला तांबूस झाक असलेला. पिशवीतलं पाणी गार पडू नये म्हणून ती पदरात धरून आणली. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग थोडंथोडं टाकीचं पाणी तिच्यात घातलं, आणि शेवटी फक्त मासा अलगद आत सोडला. तो बोळक्याकडं गेला, वळला, आणि वर येऊन एक घोट हवा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गिरणीतल्या फळीवरून पुडी घेतली, दोन दाणे टाकले. त्यानं ते टिपले. तिनं बाहेर जाऊन हात धुतले.

आठवडाभर सगळं ठीक होतं. मग तो बोळक्यातून बाहेर येईनासा झाला. पंख मिटून, अंगाला चिकटवून बसायचा. दाणे तळाशी जाऊन पडायचे, ते ती नळीनं ओढून काढी. पाणी तपासून आणलं तर पाणी चांगलं होतं. कांडी चालू होती. अंगावर पांढरे ठिपके नव्हते. उत्कर्षलाही सांगता येईना; काही मासे असतातच नाजूक, म्हणाला. सिद्धम्माला ते पटलं नाही. पिठाचं तिला आठवत होतं. जीव उगाच मिटून बसत नाही.

तिनं खुर्ची गिरणीकडून फिरवली आणि टाकीकडं तोंड करून बसली. दिवसभर तिनं दुसरं काही केलं नाही. दुपारी कधीतरी मासा बाहेर आला, पंख उलगडले, झाडाभोवती फिरला. तिनं घाईनं दाणा टाकला, त्यानं खाल्ला. तेवढ्यात त्यानं पंख मिटले आणि तो बोळक्यात शिरला. तिनं इकडंतिकडं पाहिलं. छतावरचा पंखा फिरू लागला होता. म्हणजे मधे वीज गेली होती आणि आता आली होती. मधल्या दारातून शिवकुमार गिरणीत धान्याच्या पाट्या ओतताना दिसला.

ती उठली आणि काचेवर तळहात टेकवला. काच थरथरत होती. पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या. त्या तिनं रोज पाहिल्या होत्या, पण बुडबुड्यांच्या समजल्या होत्या. मग तिनं भिंतीला हात लावला. भिंतही थरथरत होती, फळीही, पायाखालची फरशीही. तिचं उभं आयुष्य त्या थरथरीत गेलं होतं. तिला ती कधीच जाणवली नव्हती.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं शिवकुमारला बोलावलं, त्याचा हात धरून काचेवर ठेवला. थरथर त्यालाही जाणवली. मग म्हणाला, "मागच्या खोलीत न्यायची का?"

तिनं मान डोलावली. संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर दोघांनी मिळून बरंचसं पाणी बादल्यांत काढलं. मासा तांब्याच्या घागरीत ठेवू नको, तांबं त्याला बाधतं, असं तिनं मधेच सांगितलं आणि स्टीलचं पातेलं पुढं केलं. स्पंज ओलाच राहील असं बघितलं. मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते, गिरणीपासून ती दोन भिंती लांब आहे. टाकी तिथं लाकडी मेजावर बसली, पाणी परत भरलं गेलं, आणि मासा आत गेला.

शिवकुमार हात पुसत म्हणाला, "अव्वा, तू बी हितंच बस की."

त्यानं हे आधीही कितीदा म्हटलं होतं, रागानं, विनवून, डॉक्टरांचं नाव घेऊन. या वेळी त्याच्या तोंडावर राग नव्हता.

"बघू," ती म्हणाली.

सकाळी खुर्ची तिनं स्वतःच उचलून मागं नेली. मासा एक दिवस दबून राहिला, मग बाहेर आला. त्याला दाणे टाकून झाल्यावर ती पुढं जाऊन येते म्हणाली, पण गेली नाही. पुढं गिरणी चालू असणार हे तिला ठाऊक होतं. दुपारी महानंदा तिथं गहू निवडायला येऊन बसली. समोरासमोर बसल्यामुळं तिला महानंदाचं बोलणं नीट कळू लागलं, आणि सून बरंच बोलते हे तिला त्या खोलीत समजलं. कानातली किरकिर गेली नाही. कमी झाली असं मात्र तिला एकदोनदा वाटलं.

पाडव्यानंतर शिवकुमारनं दगड काढले. पोलादी यंत्र आलं ते तिला कुणी सांगितलं नाही, पण ताटातल्या भाकरीनं सांगितलं. तिनं घास चावून बघितला. भाकरी वाईट नव्हती. तिनं शिवकुमारला एवढंच म्हटलं की ज्वारीला पीठ तापतंय, सावकाश सोडत जा. तो बरं म्हणाला. दगड त्यानं फेकले नव्हते. अंगणात बेलाजवळ उभे करून ठेवले होते. तिनं ते खिडकीतून पाहिले.

उन्हाळ्यात नळाला आठवड्यानं पाणी येऊ लागलं. माशाच्या पाण्याची एक बादली ती आधी बाजूला काढून ठेवते. चौथा हिस्सा जुनं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. काढलेलं पाणी महानंदा कढीपत्त्याला घालते आणि त्याला पाला चांगला फुटलाय म्हणते. एकदा टाकीत वरच्या बाजूला बुडबुड्यांचा फेसाळ पुंजका दिसला. सिद्धम्मा घाबरली. सृष्टीनं फोनवर चित्र बघून सांगितलं की नर पिलांसाठी असं घरटं बांधतो. मादी आणायची का, असं तिनंच वर विचारलं. सिद्धम्मानं उत्कर्षकडून माहिती काढली होती: दोघं भांडतात, आणि जमलंच तर पिलं शेकड्यानं होतात. ती नको म्हणाली. एकट्यालाही घर बांधता येतं.

म्हाळसाबाई अजून दळणाला येते. एक दिवस ती मागच्या खोलीपर्यंत आली, टाकीपुढं वाकून बराच वेळ बघत राहिली, आणि विचारलं की ह्याला पीठ घालत न्हाय का आता. सिद्धम्मानं सांगितलं, न्हाय, त्याचं त्याला घालते. मग म्हाळसाबाई म्हणाली की आपलं दळण बाजरीचं हाय, जरा जाडसर काढायला सांग.

"शिवकुमारला सांग," सिद्धम्मा म्हणाली, आणि झाकणाची जाळी सरळ केली.